आर्ट मॉडेल हॉल ऑफ फेममध्ये हवा की नको? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी हे सांगा, हा आर्ट मॉडेल कोण?

अमेरिकन फुटबॉलमधला, म्हणजे हेल्मेट घालून खेळतात त्या एनएफएलमधला एक टीम मालक. जन्म १९२५ चा, ब्रुकलिनचा. न्यूयॉर्कमध्ये जाहिरात आणि टीव्हीच्या धंद्यात होता, १९६१ मध्ये साधारण ४० लाख डॉलर मोजून क्लीव्हलँड ब्राउन्स ही टीम घेतली आणि त्यातले बरेचसे पैसे उसने होते (हे उसनवारीचं लक्षात ठेवा, पुढे लागणारे). तीसच्या वर वर्षं तिथे मालकी केली आणि १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं की टीम बाल्टिमोरला चाललीय. २०१२ मध्ये वारला. क्लीव्हलँडमध्ये त्याचं नाव काढलं की अजून लोकांचं डोकं सटकतं, आणि बाल्टिमोरमध्ये त्याच माणसाला हात जोडणारे भेटतात.

हॉल ऑफ फेमचा वाद नेमका काय आहे?

प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली की तुमचा ब्राँझचा अर्धपुतळा कायमचा तिथे बसतो. खेळाडू, कोच आणि मालक-अधिकारी असे सगळेच जाऊ शकतात. मत देतात ते मुख्यतः पत्रकार, प्रत्येक टीमच्या शहरातला एक आणि वर काही इतर, आणि शेवटच्या फेरीत ८० टक्के हो यावे लागतात. म्हणजे थोडे लोक अडून बसले तरी गाडी अडते.

आणि हा हॉल आहे कुठे, तर कँटनला. कँटन ओहायोत, क्लीव्हलँडपासून शंभरेक किलोमीटरच्या आत. ज्या लोकांची टीम नेली त्यांच्याच अंगणात पुतळा बसवायचा म्हणताय, हे जरा डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

त्याचं नाव कधी चर्चेला आलं होतं का, की हे नुसतं फॅन लोकांचं भांडण?

आलं होतं की. २००१ मध्ये शेवटच्या १५ मध्ये होता, राहिला. मग बरीच वर्षं सेमीफायनलच्या यादीत येत-जात राहिला. २०१३ मध्ये, म्हणजे वारल्यानंतर काही महिन्यांनी, परत शेवटच्या १५ मध्ये आला आणि १५ चे १० करताना बाहेर पडला.

यात एक गंमत आहे, क्रूर म्हणा हवं तर. दोन्ही वेळेला मतदान सुपर बोलच्या (म्हणजे एनएफएलच्या फायनलच्या) आदल्या दिवशी होतं आणि दोन्ही वेळेला दुसऱ्या दिवशी सुपर बोल जिंकला तो बाल्टिमोर रेव्हन्सनी, त्याने आणलेल्या टीमनी! २००१ ला तो स्वतः मालक होता, २०१३ ला खेळाडूंच्या जर्सीवर त्याच्या नावाचा ‘आर्ट’ असा पॅच होता. वर २०१३ ला ज्या दिवशी त्याचं नाव कापलं गेलं त्याच दिवशी जोनाथन ऑग्डेन निवडला गेला, आणि ऑग्डेन म्हणजे रेव्हन्सनी ड्राफ्टमध्ये (दरवर्षी टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) घेतलेला पहिलावहिला खेळाडू.

त्याच्या बाजूने सगळ्यात तगडा मुद्दा कोणता?

टीव्ही. बाकी सगळं बाजूला ठेवा.

आज एनएफएल म्हणजे पैशाचा धबधबा वाटतो पण साठच्या दशकाच्या सुरुवातीला तसं नव्हतं, प्रत्येक टीम आपापलं टीव्हीचं बघायची आणि न्यूयॉर्कच्या टीमला जे मिळायचं त्याच्या आसपासही छोट्या शहरांना मिळायचं नाही. लीगचे प्रमुख, म्हणजे कमिशनर, पीट रोझेल यांनी मालकांना पटवलं की सगळ्यांचे हक्क एकत्र विकू आणि आलेले पैसे सारखे वाटून घेऊ, त्यासाठी १९६१ मध्ये अमेरिकन संसदेकडून कायदा करून घ्यावा लागला, आणि १९६२ मध्ये सीबीएस या चॅनलबरोबर वर्षाला ४६.५ लाख डॉलरचा करार झाला. दोन वर्षांत तोच आकडा १.४१ कोटीवर गेला. या सगळ्या वाटाघाटींत रोझेलच्या शेजारी बसणारा माणूस मॉडेल. लीगच्या टीव्ही कमिटीचा तो १९६२ पासून १९९३ पर्यंत अध्यक्ष होता. एकतीस वर्षं! टीव्हीची भाषा कळणारा मालक त्या काळात दुसरा कोण होता सांगा.

सोमवार रात्रीची मॅच ही कल्पना १९७० मध्ये आली तेव्हा पहिली मॅच त्याने आपल्याकडे घेतली. २१ सप्टेंबर १९७०, ब्राउन्स विरुद्ध न्यूयॉर्क जेट्स, क्लीव्हलँडच्या स्टेडियममध्ये ८५,७०३ माणसं. ब्राउन्स ३१-२१ जिंकले. त्याच वर्षी एनएफएल आणि तिची प्रतिस्पर्धी एएफएल या दोन लीग एक झाल्यावर एएफएलच्या बाजूच्या गटात टीम कमी पडत होत्या तर पिट्सबर्ग आणि बाल्टिमोर कोल्ट्सच्या बरोबर त्याने आपली टीम त्या गटात नेली (प्रत्येकाला ३० लाख डॉलर मिळाले, फुकट कोणी गेलं नाही). आणि १९६८ मध्ये खेळाडूंच्या युनियनबरोबर पहिला सामूहिक करार झाला त्यातही मालकांच्या बाजूने हा होता.

एवढं सगळं ऐकल्यावर वाटतं घाला बाबा आत, कशाला अडवताय. मलाही वाटायचं. थांबा जरा.

टीव्हीत त्याचं सगळं बरोबरच होतं का?

नाही. शेवटी शेवटी अंदाज चुकला. १९९२ च्या सुमारास चॅनलवाले रडायला लागले की आमचं नुकसान होतंय, तेव्हा त्यांना काही पैसे परत द्यावेत या बाजूचा तो होता. डॅलसच्या जेरी जोन्ससारख्या नव्या मालकांनी सरळ नकार दिला, आणि १९९३ च्या डिसेंबरमध्ये फॉक्स हे नवं चॅनल आलं आणि चार वर्षांचे १.५८ अब्ज डॉलर टेबलावर ठेवले. जोन्स २०१७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. अर्थात एका चुकीवरून एकतीस वर्षांचं काम पुसलं जात नाही, मी तरी पुसणार नाही.

मैदानावरचं रेकॉर्ड कसं?

ठीकठाक. १९६४ ची चॅम्पियनशिप, बाल्टिमोर कोल्ट्सना २७-० (हो, बाल्टिमोरलाच). मग ऐंशीच्या दशकात तीनदा सुपर बोलच्या उंबऱ्यावर जाऊन डेन्व्हरकडून हरले. बाल्टिमोरला गेल्यावर जानेवारी २००१ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सना ३४-७ धुतलं. फक्त या रेकॉर्डवर कोणी मालकाला पुतळा देणार नाही. एक गोष्ट मात्र त्याच्या खात्यात ठणठणीत जमा आहे: रेव्हन्ससाठी खेळाडू निवडायचं काम ओझी न्यूसमवर विश्वासाने टाकलं. १९९६ च्या पहिल्याच ड्राफ्टमध्ये न्यूसमनी ऑग्डेन आणि रे लुईस दोघांना उचललं, दोघंही आज हॉल ऑफ फेममध्ये, आणि २००२ मध्ये न्यूसम एनएफएलचा पहिला कृष्णवर्णीय जनरल मॅनेजर झाला.

पॉल ब्राउनला काढलं ते प्रकरण काय होतं?

टीमचं नावच ज्याच्यावरून पडलंय त्या संस्थापक कोचला १९६३ च्या जानेवारीत काढलं. मालक होऊन दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. आणि तेव्हा क्लीव्हलँडमध्ये वर्तमानपत्रांचा संप चालू होता, त्यामुळे ओरड व्हायची तेवढी झाली नाही. पण पुढच्याच सीझननंतरच्या सीझनला चॅम्पियनशिप आली, म्हणून हे कारण मी फार ताणत नाही. मालकाने कोच काढणं हे चालतंच.

बरं, टीम नेली म्हणजे नक्की काय झालं?

इथे जरा वेळ घेऊन सांगतो कारण बरेच लोक "गेला की गेला, त्यात काय" म्हणतात.

क्लीव्हलँडचं म्युनिसिपल स्टेडियम शहराचं होतं पण सत्तरच्या दशकात मॉडेलने ते भाड्याने घेतलं आणि चालवायला लागला. म्हणजे तो टीमचा मालकही आणि स्टेडियमचा घरमालकही, आणि त्याचा भाडेकरू कोण, तर बेसबॉलची इंडियन्स टीम. दुरुस्ती ह्याच्याकडे, उत्पन्नही ह्याच्याकडे. बरी वर्षं होती तोवर चाललं. मग शहराने बेसबॉल आणि बास्केटबॉलवाल्यांसाठी नव्या जागा बांधायला घेतल्या, १९९४ मध्ये इंडियन्स नव्या मैदानावर गेले आणि मॉडेलच्या हातात राहिलं एक जुनाट, गळकं, अवाढव्य स्टेडियम आणि डोक्यावर कर्ज. आता त्याला पण स्टेडियम हवं होतं. शहर हळूहळू हलत होतं, जुन्याची दुरुस्ती करायला १७.५ कोटी डॉलर उभे करायचे आणि त्यासाठी दारू-सिगरेटवरचा कर पुढे चालू ठेवायचा यावर ७ नोव्हेंबर १९९५ ला मतदान होतं.

६ नोव्हेंबरला, मतदानाच्या बरोब्बर आदल्या दिवशी, मॉडेल बाल्टिमोरला कॅम्डन यार्ड्स या बेसबॉल मैदानाच्या पार्किंगमध्ये उभारलेल्या स्टेजवर उभा राहिला आणि टीम आणतोय म्हणून जाहीर केलं. सह्या आधीच झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी क्लीव्हलँडच्या लोकांनी तरीही ७० टक्क्यांच्या वर मतं देऊन कर मंजूर केला! टीम गेल्याचं कळल्यावर!

सीझन अर्धा बाकी होता. बिल बेलिचिक कोच होता (हो, पुढे न्यू इंग्लंडला सुपर बोलमागून सुपर बोल जिंकून देणारा तोच), टीम ५ विजय, ११ पराभवांवर संपली. शेवटची घरची मॅच १७ डिसेंबरला सिनसिनाटीविरुद्ध, २६-१० जिंकले, आणि लोक घरून करवती घेऊन आलेले, बाकडी कापून काढत होते, रांगाच्या रांगा मैदानावर फेकत होते, एका टोकाला खेळ थांबवून टीमना दुसऱ्या बाजूला खेळायला लावलं. मॅच संपल्यावर अर्नेस्ट बायनर त्या डॉग पाउंड नावाच्या भागातल्या लोकांकडे गेला आणि मिठ्या मारत फिरला. हा बायनर म्हणजे जानेवारी १९८८ मध्ये डेन्व्हरविरुद्ध गोल लाइनजवळ ज्याच्या हातातून बॉल सुटला तो. लोकांनी त्याला केव्हाच माफ करून टाकलेलं. मॉडेल त्या मॅचला नव्हता, आणि त्यानंतर मरेपर्यंत त्याने क्लीव्हलँडमध्ये पाय ठेवला नाही.

पण त्याच्याकडे दुसरा पर्याय नव्हता असं तो म्हणाला होता ना?

म्हणाला होता, त्याच स्टेजवर. आणि खोटं म्हणत होता असं मी म्हणणार नाही, तोट्यात होताच. बाल्टिमोरकडून मेरीलँड सरकारने नवीन स्टेडियम बांधून द्यायचं, भाडं नाही, उत्पन्न त्याचं, असा करार होता, बुडणाऱ्या माणसाला तो सोडवेल कसा.

पण तो बुडत का होता? टीम घेताना कर्ज, स्टेडियम चालवायची हौस, शहराच्या नव्या प्रकल्पात वेळेवर सामील न होणं, हे निर्णय कोणाचे? आणि दुसरा पर्याय होता, टीम विकायची. विकली असती तर भरपूर पैसे आले असते आणि ब्राउन्स जागेवर राहिले असते. त्याला टीम विकायची नव्हती, मुलाकडे द्यायची होती. गंमत म्हणजे बाल्टिमोरला जाऊनही कर्ज सुटलं नाही, २००० मध्ये ४९ टक्के हिस्सा स्टीव्ह बिशॉटीला विकावा लागला आणि २००४ मध्ये जवळपास उरलेलं सगळं, मिळून ६० कोटी डॉलर. मुलाच्या हातात काही राहिलं नाही. म्हणजे जे वाचवायला म्हणून एवढं केलं तेच गेलं.

बाल्टिमोरच्या लोकांचं काय? त्यांच्यावर अन्याय झाला नव्हता का?

झाला होता, आणि भयंकर झाला होता. मार्च १९८४ मध्ये रॉबर्ट आर्सेने कोल्ट्स टीम रातोरात ट्रकमध्ये भरून इंडियानापोलिसला नेली. मग १९९३ मध्ये लीगने दोन नव्या टीम दिल्या त्या कॅरोलिना आणि जॅक्सनव्हिलला, बाल्टिमोरला ठेंगा. त्यामुळे १९९५ ला त्यांनी जे केलं त्याला त्यांना दोष देणारा मी कोण. ते मॉडेलचे आभार मानतात ते बरोबरच आहे. पण एका शहराची जखम भरायला दुसऱ्या शहराला तीच जखम करायची आणि त्याला योगदान म्हणायचं, हे काही झेपत नाही.

रेडर्स टीमचा मालक अल डेव्हिस तर आत आहे, त्याने दोनदा टीम हलवली. मग हा का नको?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि खरंच अडचणीचा आहे.

डेव्हिसने रेडर्स १९८२ मध्ये ओकलंडहून लॉस एंजेलिसला नेले, लीगवर केस टाकून, आणि १९९५ मध्ये परत आणले. तो १९९२ मध्येच हॉलमध्ये गेला. डॅन रीव्ह्सने १९४६ मध्ये रॅम्स टीम लॉस एंजेलिसला नेली, कुठून माहितीय का, क्लीव्हलँडहून! चॅम्पियनशिप जिंकल्या जिंकल्या. तो १९६७ पासून आत आहे. त्याहून वाईट, जॉर्ज प्रेस्टन मार्शल, वॉशिंग्टनचा मालक, १९६२ पर्यंत काळा खेळाडू टीममध्ये घेतला नाही, शेवटी सरकारला दम द्यावा लागला, आणि तो १९६३ च्या पहिल्याच तुकडीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या टीमचा मालक एडी डीबार्टोलोने १९९८ मध्ये लुइझियानातल्या कॅसिनो लाच प्रकरणात गुन्हा कबूल केला होता, २०१६ ला आत.

तर चारित्र्याचा दाखला म्हणून हा हॉल कधीच चालला नाही, हे मान्य. म्हणूनच "गद्दार आहे, नको" एवढ्यावर जे थांबतात त्यांचं मला पटत नाही. पण डेव्हिस कोच होता, दुसऱ्या लीगचा कमिशनर होता, तीन सुपर बोल जिंकला, आणि तो पहिल्यापासून उघड म्हणायचा की मी माझं बघणार, लीग गेली उडत. मॉडेलचं तसं नाही. पुढच्या एका प्रश्नात येतोय त्याच्यावर.

बेसबॉलमध्ये वॉल्टर ओ’मॅलीला घेतलंच की?

घेतलं, २००८ मध्ये, वारल्यावर जवळपास तीस वर्षांनी. त्याने डॉजर्स ब्रुकलिनहून लॉस एंजेलिसला नेले १९५७ च्या सीझननंतर. ब्रुकलिनवाले अजून शिव्या घालतात (मॉडेल स्वतः ब्रुकलिनचा, त्याला हे दुःख काय असतं ते चांगलं कळत असणार). पण त्या एका निर्णयाने बेसबॉल पश्चिम किनाऱ्यावर गेला, खेळाचा नकाशा बदलला. मॉडेलने काय बदललं? जिथे आधीच एनएफएल होतं तिथे परत नेलं.

नाव, रंग आणि इतिहास तर क्लीव्हलँडलाच ठेवला, त्याचं श्रेय द्या की

थोडं देतो. फेब्रुवारी १९९६ मध्ये तडजोड झाली, ब्राउन्स हे नाव, रंग, सगळे रेकॉर्ड शहराकडे राहणार आणि १९९९ पर्यंत लीग नवीन टीम देणार. मालकांनी २५ विरुद्ध २ ने स्थलांतर मंजूर केलं, तीन जण गप्प बसले. विरोधात गेले ते पिट्सबर्गचे डॅन रूनी आणि बफेलोचे राल्फ विल्सन, दोघंही जुन्या कामगार शहरांचे मालक. पण ही तडजोड शहराने कोर्टात जाऊन, लोकांनी फॅक्स आणि पत्रांचा पाऊस पाडून मिळवली, मॉडेलच्या मनाचा मोठेपणा नव्हे तो.

आणि नवीन टीम मिळाली कोणाला? अल लर्नरला. जुन्या ब्राउन्समध्ये छोटा भागीदार असलेला हाच लर्नर, ज्याने बाल्टिमोरचा सौदा जुळवायला मदत केली आणि ज्याच्या खाजगी विमानात सह्या झाल्या. त्याने १९९८ मध्ये ५३ कोटी डॉलर भरून नवीन ब्राउन्स घेतले. या माणसावर राग का निघाला नाही हे मला आजवर कळलेलं नाही. नंतरचे ब्राउन्स कसे खेळले ते विचारू नका, २०१७ मध्ये १६ पैकी १६ हरले.

खेळाडूंच्या बाबतीत मैदानाबाहेरचं बघायचं नाही असा नियम आहे ना? मग मालकाला वेगळा न्याय का?

कारण मालकाला मैदानच नसतं. खेळाडूने बाहेर काय गोंधळ घातला ते वेगळं ठेवता येतं, त्याचं काम पळणं, बॉल पकडणं. मालकाचं काम काय, टीम चालवणं, पैसे सांभाळणं, टीम आहे तिथे उभी ठेवणं. १९९५ हे मॉडेलच्या कामाच्या बाहेरचं काही नाही, तेच त्याचं काम होतं. करार टीव्हीचा असला की काम आणि टीम हलवली की खाजगी बाब, असं नाही चालत.

मग तुमचं मत काय, एका वाक्यात?

नको. पण एका वाक्यात नाही जमणार.

टीव्हीच्या कामावर त्याला आत घ्यायचं म्हणता ना, तर त्या कामाचा गाभा बघा. पैसे सारखे वाटायचे ते कशासाठी? ग्रीन बे, पिट्सबर्ग, क्लीव्हलँडसारखी शहरं न्यूयॉर्कच्या पैशापुढे टिकावीत म्हणून. मोठ्या मालकांनी आपला वाटा सोडला तो ह्याच बोलीवर. हा माणूस एकतीस वर्षं त्या विचाराचा चेहरा होता, जेरी जोन्सनी स्वतःचे वेगळे स्पॉन्सर आणले तेव्हा लीग मोडताय म्हणून त्याच्यावर चिडणाऱ्यांतला होता. आणि मग ज्या शहरासाठी ही सगळी व्यवस्था उभी केली तसल्याच एका शहराला, जिथे पडत्या काळातही सत्तर-सत्तर हजार लोक येत होते, ह्यानेच सोडलं, आणि तेसुद्धा वाटून न घ्याव्या लागणाऱ्या पैशासाठी, म्हणजे स्टेडियमच्या महागड्या बॉक्सेस आणि सीट लायसन्सच्या (तिकीट घ्यायच्या हक्कासाठीच आधी भरायचे पैसे). त्याच्या बाजूचा सगळ्यात मजबूत पुरावा उलटून त्याच्यावरच येतो. डेव्हिसवर येत नाही, कारण डेव्हिसने असली शपथ कधी घेतलीच नव्हती.

टीव्ही कमिटीवर हॉलमध्ये एक कायमचं दालन करा, त्यात मॉडेलचा मोठा फोटो लावा, सोमवारच्या पहिल्या मॅचचं तिकीट ठेवा, मी स्वतः बघायला जाईन. पुतळा नको.

क्लीव्हलँडवाले अतिच करतात असं नाही वाटत?

काही जण करतात. एकाने त्याच्या कबरीवर जाऊन घाण केली आणि व्हिडिओ टाकला, तो निव्वळ नीचपणा, त्याला फॅन म्हणू नका. उलट २०१२ मध्ये तो गेला तेव्हा बाकी स्टेडियममध्ये क्षणभर शांतता पाळली, क्लीव्हलँडमध्ये पाळली नाही, आणि ती विनंती मॉडेलच्या घरच्यांचीच होती. त्यांना तिथलं वातावरण माहीत होतं, कोणाला अवघडात टाकलं नाही. शहाणपणा होता तो.

‘मॉडेल लॉ’ म्हणजे काय, सारखं ऐकायला येतं

टीम गेल्यावर १९९६ मध्ये ओहायोने केलेला कायदा. करदात्यांच्या पैशातून मदत मिळालेलं स्टेडियम वापरणाऱ्या मालकाला टीम हलवायची असेल तर सहा महिने आधी नोटीस द्यायची आणि स्थानिक लोकांना टीम विकत घ्यायची संधी द्यायची. २०१८ मध्ये कोलंबस क्रू ही सॉकर टीम टेक्सासला जायला निघाली होती तेव्हा याच कायद्याची केस उभी राहिली आणि टीम शेवटी स्थानिक मालकांकडे जाऊन जागेवर राहिली. मग २०२४ मध्ये खुद्द ब्राउन्सच्या आताच्या मालकांना शहराबाहेर ब्रुक पार्कला नवीन स्टेडियम बांधायचं होतं, शहराने हाच कायदा काढला, ते उलट कोर्टात गेले, आणि २०२५ च्या बजेटमध्ये राज्याने कायदाच बदलला. आता तो फक्त टीम राज्याबाहेर नेणार असाल तरच लागू.

त्याचं नाव परत येऊ शकतं का?

येऊ शकतं. २०१५ च्या तुकडीपासून मालक-अधिकाऱ्यांसाठी वेगळा गट केलाय, पुढची काही वर्षं त्यांना खेळाडूंशी स्पर्धा करावी लागत नव्हती, म्हणजे २०१३ पेक्षा रस्ता सोपा होता. २०२५ च्या तुकडीपासून मात्र शेवटच्या मतदानात त्यांना परत जुन्या काळातल्या खेळाडूंशी आणि कोचशी स्पर्धा करावी लागते. पण त्या सोप्या रस्त्याने बरेच जण गेले, मॉडेल नाही. मत देणारे पत्रकार बदलत जातात, १९९५ ला तिथे असलेले आता निवृत्त होतायत, त्यामुळे कधीतरी होईलही. झालं तर माझं मत तेच राहील, आणि कँटनच्या त्या कार्यक्रमाला क्लीव्हलँडहून बसेस भरून लोक येतील, टाळ्या वाजवायला नक्कीच नाही.